लॉनवरच्या वाफ्यात गवत परत परत उगवतंय? उपटण्याआधी ते कुठून येतंय ते शोधा

लॉन आहे तसंच ठेवायचं, त्यावर पुठ्ठे अंथरायचे, वर माती आणि कंपोस्ट टाकायचं आणि भाजी लावायची, ही पद्धत स्वस्तातली आहे आणि खरंच चालते. खणायचं काम जवळजवळ नाही, लाकडी पेट्या विकत आणायची गरज नाही, खालचं गवत कुजून त्याचंच खत होतं. पण हे करणाऱ्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते: सुरुवातीला वाफा एकदम स्वच्छ, सगळे खूश, आणि मग दोन-तीन महिन्यांनी टोमॅटोच्या बुडाशी हिरव्या सुया दिसायला लागतात, त्या उपटल्या की आठवडाभरात परत हजर, परत उपटल्या की परत, आणि भाजी ऐन जोरात यायच्या वेळेला अर्धा वाफा गवताने भरलेला असतो. मग कोणी म्हणतं पुठ्ठ्याची पद्धतच फालतू आहे, कोणी वरून अजून एक थर माती चढवतं, कोणी सरळ तणनाशक आणून ठेवतं.

गवत परत येतंय म्हणजे त्याला कुठून तरी वाट मिळतेय. या वाटा चारच आहेत, कडेने, पुठ्ठ्याच्या फटीतून, वरून टाकलेल्या मातीतून आणि खालून. तुमच्या वाफ्यात कुठली चालू आहे ते कळलं की काम खूप कमी होतं, आणि ते न बघता नुसतं उपटत राहिलात तर वर्षभर उपटतच राहाल, कारण प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे आणि एकीचा उपाय दुसरीला काहीच करत नाही.

आधी एक काडी नीट खणून काढा

उपटायची नाही हं. उपटली की ती तुटते आणि जे बघायचंय तेच जमिनीत राहतं. खुरप्याने बाजूची माती सैल करा आणि शेवटापर्यंत, जिथे जाईल तिथपर्यंत मागे मागे जा. पाणी दिल्यावर एखाद दिवसाने वाफसा आला की हे काम सोपं जातं, माती चिकटत पण नाही आणि कडक पण नसते.

खाली फक्त केसांसारखी मुळं आणि वर झुपका असेल तर ते गवत सोपं आहे. त्याला पसरायला आडवे दांडे नसतात, अंधारात गाडलं की ते मरतं आणि परत येत नाही. ते वाफ्यात दिसतंय म्हणजे बहुतेक बी पडून उगवलंय.

खाली पांढऱ्या-पिवळट, टणक, टोकदार काश्या, म्हणजे जमिनीखाली पसरणारे आडवे दांडे निघाले, ज्यांना पेरं आहेत आणि पेरापेराला डोळा आहे, तर ती हरळी. लॉनसाठी मुद्दाम लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे हीच हरळी किंवा हिचीच सुधारलेली भावंडं, त्यामुळे उन्हातलं लॉन असेल तर ही असण्याची शक्यता भरपूर. ही दोन्हीकडून चालते, जमिनीवरून धावणारे दांडे आणि जमिनीखालून काश्या, आणि डोळा असलेला एवढासा तुकडा जरी राहिला तरी त्यातून नवीन रोप उभं राहतं. बऱ्याचशा काश्या वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये असतात, पण माती भुसभुशीत असेल तर फुटाच्या खाली पण सापडतात.

तिसरा प्रकार लव्हाळा. दिसतो गवतासारखा पण गवत नाहीये. बुडाशी काडी दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा हाताला लागल्या की समजा लव्हाळा. खाली दोऱ्यासारखं मूळ आणि त्या दोऱ्यावर ओळीने काळपट गाठी. वरून ओढलं की दोरा तुटतो, गाठ खालीच राहते आणि ओढण्याच्या निमित्ताने तिचे झोपलेले डोळे जागे होतात, म्हणून एक काढला की दोन आले असं वाटतं आणि ते खरंच असतं.

लॉनमध्ये तिन्ही एकत्र पण असू शकतात, तेव्हा एका जागेची काडी काढून थांबू नका, मध्यातली एक, कडेची एक, कोपऱ्यातली एक अशी बघा.

कडेने येणारं गवत, म्हणजे बहुतेकांचा खरा प्रॉब्लेम

वाफ्याकडे जरा लांबून बघा. गवत कडेपासून वीतभर पट्ट्यात दाट आहे आणि मध्यात तुरळक आहे का? खणलेली काशी बाहेरच्या बाजूला, लॉनकडे जातेय का? मग तुमच्या पुठ्ठ्याने त्याचं काम चोख केलंय, खालचं गवत मेलंय, आणि आत येतंय ते शेजारच्या जिवंत लॉनचं.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. पुठ्ठ्याखालच्या गवताला ऊन नाही, त्यामुळे ते साठवलेलं अन्न संपवून मरतं. पण वाफ्याबाहेरच्या गवताला भरपूर ऊन आहे, ते रोज अन्न तयार करतंय आणि तेच अन्न काश्यांमधून आत पाठवतंय. आत काय आहे, मऊ माती, नियमित पाणी, भरपूर खत. तुम्ही भाजीसाठी जी जागा केली ती हरळीसाठी पण उत्तमच आहे. लाकडाच्या फळ्या लावल्यात म्हणून ती थांबत नाही, फळीच्या खालून जाते. विटा लावल्या तर दोन विटांच्या सांध्यातून येते. दगड लावले तर दगडांच्या मध्ये इतकी घट्ट बसते की तिथून काढताच येत नाही. म्हणून माझं मत असं आहे की लॉनवर वाफा करताना पहिलं वर्षभर तरी कडेला काहीच लावू नये, माती उताराने नुसती थापून ठेवावी. दिसायला एवढं छान दिसत नाही, पण फावडं थेट कडेपर्यंत घालता येतं आणि काय आत घुसतंय ते डोळ्याला दिसतं.

उपाय असा. वाफ्याच्या चारी बाजूंनी लॉन आणि वाफा यांच्यामध्ये कमीत कमी ३० सेंटीमीटर, जमलं तर ४५ ते ६० सेंटीमीटर पट्टा गवताशिवाय ठेवायचा. त्या पट्ट्यावर पण पुठ्ठा, त्यावर लाकडाचा चुरा-ढलप्या किंवा वाळलेला पाचोळा जाडसर. आणि या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, जिथून लॉन सुरू होतं तिथे, १५ ते २० सेंटीमीटर खोल चर. चराची लॉनकडची बाजू सरळ उभी कापायची, वाफ्याकडची बाजू तिरकी उतरती ठेवायची. आणि चर रिकामा ठेवायचा, हे महत्त्वाचं आहे, त्यात पाचोळा किंवा ढलप्या भरून टाकू नका. रिकाम्या चरात काशीचं टोक बाहेर आलं की हवेत आणि उन्हात उघडं पडतं, तुम्हाला ते पांढरं टोक दिसतं, आणि फावड्याच्या एका फटक्यात कापता येतं. भरलेल्या चरात ते दिसतच नाही. गवत वाढीच्या दिवसात असेल तेव्हा दोन-तीन आठवड्यांतून एकदा फावडं घेऊन कडेने एक फेरी मारायची, बाकी काही नाही. वरून धावणारे दांडे पण तेव्हाच छाटायचे.

चर नको असेल, लहान मुलं पळतात, पाय मुरगळेल, तर जाड प्लास्टिकची किंवा पत्र्याची पट्टी उभी गाडता येते. ती जमिनीत २० ते ३० सेंटीमीटर गेली पाहिजे आणि वर ५ सेंटीमीटर तरी दिसत राहिली पाहिजे, कारण हरळी खालून अडली की वरून उडी मारते. सांधे उघडे ठेवले तर सगळं काम वाया, दोन पट्ट्या एकमेकींवर चांगल्या चढवा. पत्रा वापरलात तर वरची कड दुमडून घ्या, हातपाय कापतात.

आता एक गोष्ट जी वाफे आखतानाच ठरवायला पाहिजे. बरेच जण लॉनमध्ये सुटे सुटे वाफे करतात आणि मध्ये हिरवं लॉन तसंच ठेवतात, फोटोत फार सुंदर दिसतं. पण प्रत्येक वाफ्याला चारी बाजू सांभाळायला लागतात. हिशोब करून बघा. १.२ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब असे तीन वाफे, प्रत्येकाभोवती अर्ध्या मीटरचा मोकळा पट्टा, तर प्रत्येकाची बाहेरची कड होते १२.४ मीटर, तिघांची मिळून ३७.२ मीटर. तेच तीन वाफे शेजारी शेजारी घेतले, मध्ये अर्ध्या मीटरच्या वाटा आणि सगळ्यांना मिळून बाहेरून एकच अर्ध्या मीटरचा पट्टा, तर बाहेरची कड फक्त १९.२ मीटर. जवळपास निम्मी. चर निम्मा, पुठ्ठा कमी, फेरी मारायचा वेळ निम्मा. आधीच सुटे वाफे झाले असतील तरी मधल्या लॉनवर आता पुठ्ठे आणि ढलप्या टाकून ते एक करून घेता येतात, आणि ज्यांची कडेने येणारी हरळी काही केल्या थांबत नाहीये त्यांनी पहिलं हेच करावं असं मी सांगेन. मधल्या पट्टीचं लॉन कापताना तुकडे वाफ्यात उडतात तो त्रास पण जातो.

पुठ्ठ्याच्या फटीतून

गवत वाफ्याच्या मध्यात आहे आणि सरळ रेषेत किंवा एकाच ठिकाणी पुंजक्याने आहे, तर बहुतेक तिथे दोन पुठ्ठ्यांचा जोड आहे. पुठ्ठे एकमेकांवर कमीत कमी १५ सेंटीमीटर चढायला पाहिजेत, हरळी असेल तर २० धरा. खोक्याच्या झाकणाच्या पट्ट्या, हात घालायची भोकं, फाटलेले कोपरे, हे सगळं हरळीला दार आहे, तिथे वरून अजून एक तुकडा टाकायचा. टेप आणि स्टेपल पिना आधीच काढा, टेप कुजत नाही आणि पिना नंतर हाताला लागतात. चकचकीत रंगीत छपाईचे पुठ्ठे नकोत, साधे खाकी घ्या. आणि अंथरताना चांगले भिजवा, नुसतं शिंपडून नाही, पुठ्ठा लुळा पडून जमिनीला चिकटला पाहिजे, कोरडा पुठ्ठा खाली पोकळी ठेवतो आणि वरच्या मातीतला ओलावा पण ओढून घेतो.

एकाच थराचा पुठ्ठा ओल्या गरम मातीत फार टिकत नाही, काही महिन्यांत विरघळतो. झुपक्याच्या गवताला तेवढे पुरतात. हरळीला पुरत नाहीत, तिच्या काश्यांमध्ये साठा जास्त असतो, पुठ्ठा संपेपर्यंत ती तग धरून राहू शकते आणि मग वर येते. म्हणून हरळीच्या लॉनवर पुठ्ठ्याचे दोन ते तीन थर, आणि त्यावर माती पाच-सात सेंटीमीटर नाही तर २० सेंटीमीटरच्या आसपास. आणि पुठ्ठा टाकायच्या आधी लॉन अगदी जमिनीलगत कापा, जमलं तर दोन-तीनदा, म्हणजे साठा आधीच थोडा खर्च होतो.

अजून एक, रोपं लावताना पुठ्ठ्याला भोकं पाडून खालच्या जमिनीत लावायचा मोह होतो, माती कमी टाकलेली असते ना. झाडाला बरं, पण नेमकं रोपाच्या बुडाशीच गवताला पण उजेड मिळतो. सुरुवातीचे दोन महिने तरी पुठ्ठा फोडू नका, मुळं मऊ झालेल्या पुठ्ठ्यातून आपली आपण खाली जातात.

आता झालेल्या फटीवर काय करायचं? ती जागा उकरा, काशी जेवढी मागे जाईल तेवढी काढा, ओल्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा चारी बाजूंनी वीतभर जास्त ठेवून बसवा, माती परत लोटा. अख्खा वाफा उकरायची गरज नाही.

वरून टाकलेल्या मातीतून

गवत सगळीकडे सारखं विखुरलेलं, कडेला जेवढं तेवढंच मध्यात, आणि खणल्यावर खाली काशी नाही, बारीक पांढरं मूळ, तर ते बियांचं आहे आणि भरलेल्या मातीतून, शेणखतातून किंवा वाळलेल्या गवताच्या मल्चिंगमधून, म्हणजे मातीवर पसरलेल्या आच्छादनातून आलंय. याला घाबरायचं कारण नाही, कोवळं असताना कोरड्या दिवशी सकाळी वरच्यावर खुरपं फिरवलं की दुपारपर्यंत वाळून जातं. माती खोल हलवू नका, खालच्या बिया वर येतात.

पण काशीचा तुकडा सापडला आणि त्याची दोन्ही टोकं तुटलेली आहेत, तर तो तुकडा मातीबरोबर आलाय. इथे स्वस्तात काम करणाऱ्यांची एक सवय आडवी येते. वाटांसाठी लॉनचा वरचा थर कापून काढतात आणि माती वाया जाऊ नये म्हणून तोच थर उलटा करून वाफ्यात टाकतात. झुपक्याचं गवत असेल तर ही आयडिया झकास आहे, उलट्या थराचं सुंदर खत होतं. हरळी किंवा लव्हाळा असेल तर तुम्ही तणाची लागवड करताय. तो थर वेगळा रचा, गवताची बाजू खाली, वरून काळं जाड प्लास्टिक घालून कडा दाबून वर्षभर ठेवा, नंतर चाळून वापरा. तसंच हरळीच्या लॉनवर रोटाव्हेटर फिरवणं, एका काशीचे दहा तुकडे होतात आणि दहाच्या दहा उगवतात.

विकतची किंवा कोणी दिलेली माती टाकायच्या आधी टेस्ट करणं अगदी सोपं आहे, एका कुंडीत भरा, पाणी घाला, उन्हात दोन-तीन आठवडे ठेवा, काय उगवतंय ते बघा. त्याच कुंडीत घेवड्याच्या चार बिया पण टाका. हे तणासाठी नाही, दुसऱ्याच कारणासाठी. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड अशी काही तणनाशकं गवतावर मारली की ती गवतात टिकतात, जनावराच्या पोटातून शेणात जातात आणि कंपोस्टमध्ये पण बराच काळ शिल्लक राहतात. असं खत टाकलं की टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांची नवीन पानं अरुंद होऊन वळतात, शेंडा पिळल्यासारखा होतो. गवताला मात्र काही होत नाही, ते मजेत वाढतं. घेवडा सरळ आणि नीट आला तर खत बिनधास्त वापरा. तुमच्या स्वतःच्या लॉनवर रुंद पानांच्या तणासाठी काही मारलं असेल तर त्या लॉनची कापलेली पातीसुद्धा वाफ्यात टाकू नका.

खालून येणारं

पुठ्ठा नीट होता, थर जाड होता, जोड नाही, तरी मध्यातून हरळी सरळ उभी वर येतेय आणि काशी खाली खाली जातेय, तर खालची हरळी मेली नव्हती. आता शर्यत आहे साठ्याची. हरळीचं हिरवं पान वर आलं की ती परत साठा भरायला लागते, म्हणून पान वाढू न देता दर दोन आठवड्यांनी काढत राहायचं, खुरप्याने, जमेल तेवढ्या काशीसकट. यात एक-दोन आठवडे जरी खंड पडला तरी तिने गमावलेलं ती भरून काढते, हे लक्षात ठेवा. याच्या जोडीला तिला सावली द्या. हरळीला सावली अजिबात सोसत नाही, तेव्हा त्रासाच्या वाफ्यात कांदा-लसूण-गाजर अशी बारीक पानांची पिकं न घेता भोपळा, रताळं, दाट लावलेली चवळी अशी जमीन झाकून टाकणारी पिकं घ्या.

वाफा एक हंगाम रिकामा ठेवायची तयारी असेल तर कडक उन्हाच्या काळात माती भिजवून वर पातळ पारदर्शक प्लास्टिक, २५ ते ५० मायक्रॉनचं, ताणून अंथरा, कडा मातीने गाडून टाका आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. इथे पारदर्शकच पाहिजे, ऊन आत जाऊन माती तापते, काळ्याने तेवढी तापत नाही. वरच्या काही सेंटीमीटरमधल्या बिया आणि कोवळ्या काश्या यात मरतात, खोलवरच्या काश्या आणि लव्हाळ्याच्या गाठी मात्र बऱ्याचशा वाचतात, तेव्हा यावर सगळी भिस्त ठेवू नका. ऊन मंद असेल तर उलटं करा, काळं जाड प्लास्टिक टाकून कित्येक महिने अंधारात ठेवा.

लव्हाळ्याचं वेगळं आहे. त्याचं टोक इतकं टोकदार असतं की ते पातळ प्लास्टिक फोडून वर येतं, पुठ्ठ्याची काय कथा. त्याच्या बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये असतात, म्हणजे हाताने काढता येण्यासारख्या आहेत, पण मातीसकट खणून आणि बोटांनी चाळून. रोपाला पाच-सहा पानं व्हायच्या आत काढा, त्यानंतर ते खाली नवीन गाठी धरायला लागतं. एका हंगामात संपेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण दर वेळी लवकर काढत गेलात तर दुसऱ्या वर्षी फरक स्पष्ट दिसतो. गाठी कंपोस्टच्या ढिगात कधीच नाही.

वाफ्याखाली विणलेली तणरोधक चादर घालावी का असं खूप जण विचारतात. मी तरी घालणार नाही. भाजीची मुळं खाली जायची थांबतात, उथळ वाफ्याची सगळी मजाच खाली जमीन मिळण्यात आहे, आणि काही काळाने हरळीची मुळं त्या चादरीच्या विणीत अडकतात, मग ना चादर निघते ना हरळी. तणनाशकाचं म्हणाल तर ते मारायचं असेल तर वाफा करायच्या आधी, गवत हिरवंगार आणि वाढीत असताना, नंतर भाजीच्या वाफ्यात नाही. पण अंधार आणि वेळ देऊन तेच काम होतं, मग खाण्याच्या जागेत ते कशाला.

गवत गेलं, पण बाकी तक्रारी

लॉनवरच्या वाफ्यात अजून काही गोष्टी हमखास होतात, त्या थोडक्यात.

पानं खालून पिवळी पडत वर येतायत, वाढ थांबलीय: मातीत लाकडाचा भुसा, ढलप्या किंवा भरपूर सुका पाचोळा मिसळलाय का बघा. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नायट्रोजन स्वतःसाठी ओढून घेतात आणि झाडाला उरत नाही. चांगलं कुजलेलं कंपोस्ट वरून द्या, पातळ खत द्या, काही महिन्यांनी आपोआप सुधारतं. ढलप्या वरच्या वर पसरल्या तर हा त्रास जवळजवळ होत नाही, मिसळल्या तरच होतो.

वाफा खचला: खचणारच. नुसतं कंपोस्ट आणि पाला भरला तर फारच खचतो. भरताना निम्मी तरी खरी माती असू द्या. १.२ बाय ३ मीटरच्या वाफ्याला २० सेंटीमीटर भर म्हणजे ०.७२ घनमीटर लागते, हा आकडा बघूनच लोक पाल्याने भरतात, तर खाली पाला-काटक्या चालतील पण वरचा १५ सेंटीमीटर थर माती-कंपोस्टचाच ठेवा आणि प्रत्येक लागवडीआधी थोडी भर घाला.

पाणी साचतंय: वर्षानुवर्षं पायाखाली दबलेलं लॉन खाली कडक झालेलं असतं. पुठ्ठा टाकायच्या आधी दातेरी फोर्क १५-२० सेंटीमीटर खोल घालून नुसता मागेपुढे हलवायचा, दर वीतभर अंतरावर. माती उलटायची नाही, उलटली की काश्या तुटतात आणि परत तोच खेळ.

रोपं अचानक कोलमडतायत, ओढली की मुळं खाल्लेली: हुमणी. पांढरी अळी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी, डोकं तपकिरी. ती लॉनच्या मुळांवर जगत होती, लॉन गेलं की तुमच्या भाजीवर येते. रोपाच्या आसपास उकरून हाताने वेचा, पहिल्या वर्षी जास्त सापडतात.

कडेला जुनं लाकूड लावायचं असेल तर रेल्वेचे जुने स्लीपर नकोत, त्यात क्रिओसोट नावाचं लाकूड टिकवायचं विषारी तेल असतं, आणि रंग निघालेल्या जुन्या फळ्या पण नकोत, जुन्या रंगात शिसं असू शकतं. पॅलेटच्या फळ्यांवर शिक्का बघा, एचटी असेल तर उष्णतेने प्रक्रिया केलेलं आहे, ते चालेल, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या.

वाफ्यात भाजी उभी आहे आणि आत्ता गवत वर आलंय, तर

सगळं एकदम करायला जाऊ नका, भाजीची मुळं दुखावतील. पहिल्या दिवशी फक्त बाहेरची कड कापा, सलग, फावडं सरळ उभं घालून, म्हणजे बाहेरून येणारा अन्नाचा पुरवठा तुटतो. आतल्या तुटलेल्या काश्या मग स्वतःच्या साठ्यावर राहतात आणि काढायला सोप्या जातात. पुढच्या आठवड्यात वाफसा असताना कडेकडून आत येत त्या काढा, झाडांच्या अगदी बुडाशी असलेल्या मात्र खणू नका, कात्रीने जमिनीलगत छाटत राहा आणि भाजी संपल्यावर काढा. मोकळ्या झालेल्या जागेवर ओला पुठ्ठा रोपांच्या मधे मधे बसवून वर पाचोळा टाका. आणि निघालेल्या काश्या वाफ्याच्या कडेला ढीग करून ठेवू नका, पाऊस पडला की तिथेच रुजतात, फरशीवर किंवा पत्र्यावर पातळ पसरून कडकडीत वाळू द्या, वाकवल्यावर काडकन मोडायला लागल्या की मगच कंपोस्टमध्ये.